निर्जीवाचा शोक

मनुष्य मेला असता शोक करावा, ही गोष्ट कोणास शिकवावी लागत नाही. पाळलेला कुत्रा अथवा गोठ्यातील गाय गेली असताही घरातील माणसांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते, आणि त्याबद्दल त्यांस कोणी हसत नाही. परंतु एखाद्याची मोटारगाडी अपघातात चक्काचूर झाली, स्वतः तो सुखरूप बाहेर पडला, आणि तरीही त्या गाडीसाठी कष्टी होऊन बसला, तर आपण त्यास काय म्हणतो? "जीव वाचला हे नशीब समज, गाडी काय, दुसरी घेता येईल," असे म्हणतो. हे वाक्य समजुतीचे आहे, आणि त्याचा पूर्वार्ध तर निर्विवाद खरा आहे. पण उत्तरार्ध ऐकून तो मनुष्य गप्प बसतो, तो समाधान झाले म्हणून नव्हे. आपले दुःख चारचौघांत बोलून दाखवण्यासारखे नाही अशी त्याची खात्री पटते म्हणून. जे दुःख बोलून दाखवण्याची लाज वाटते ते खोटेच असले पाहिजे काय, हा प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. दुकानातून जशी मिळाली तशीच वापरलेली गाडी, आणि मालकाने वर्षानुवर्षे आपल्या हातांनी व आपल्या कल्पनेने बदलत नेलेली गाडी, या दोन वस्तू एकाच नावाने ओळखल्या जात असल्या तरी एकच नव्हेत. पहिली कोणाचीही असू शकते. दुसरीतील यंत्र एकीकडून आणलेले असते, चाके दुसरीकडून. बैठक मालकाच्या उंचीस बेतून केलेली असते. रंग त्याने चार वेळा खरवडून पाचव्या वेळी मनासारखा दिलेला असतो. कोणता खिळा कोठे खडखडतो आणि कोणत्या चढावर तिचा सूर बदलतो हे त्यास ठाऊक असते, आणि बहुधा त्या एकट्यासच ठाऊक असते. अशी गाडी गेली म्हणजे नेमके काय जाते?

या प्रश्नास जगात दोन तयार उत्तरे आहेत. एक उत्तर विरक्ताचे. तो म्हणतो, ममत्व हेच दुःखाचे मूळ. लोखंडावर जीव जडवलास, आता भोग. दुसरे उत्तर व्यवहारी पुरुषाचे. तो विम्याचा कागद पुढे करतो, गाडीचे वय मोजतो, घसारा वजा करतो आणि उरलेली रक्कम हातावर ठेवून हिशेब मिटला असे समजतो. वरवर पाहता या दोन उत्तरांत दोन ध्रुवांचे अंतर आहे. तथापि किंचित विचार केला असता असे दिसते की, विरक्ताच्या मते सर्व वस्तू सारख्याच तुच्छ आहेत, आणि व्यवहारी पुरुषाच्या मते सर्व वस्तू सारख्याच भरून निघण्याजोग्या आहेत. ही वस्तू त्या वस्तूहून वेगळी असू शकते, हे दोघेही नाकारतात. आमचे म्हणणे असे की, हा नकारच चुकीचा आहे. आणि तो का चुकीचा आहे हे दाखवण्यास एका घडलेल्या गोष्टीचा आधार घेणे बरे.

ती गोष्ट ब्रिटनमधील आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात काउंट लुई झ्बोरोव्स्की नावाचा एक श्रीमंत तरुण, केंट परगण्यात कँटरबरीजवळ असलेल्या हायम येथील आपल्या वाड्यात, प्रचंड मोटारी घडवून घेण्याच्या नादात होता. युद्धकाळी विमानांसाठी बनवलेली आणि युद्ध संपताच निरुपयोगी झालेली यंत्रे मिळवावी व ती मोटारीच्या सांगाड्यात बसवावी, हा त्याचा छंद. 'हायम स्पेशल' या त्याच्या एका गाडीत अमेरिकेत तयार झालेले, लिबर्टी नावाचे, १२ सिलिंडरांचे व २७ लिटरांचे विमानयंत्र होते. गिअरबॉक्स युद्धापूर्वीच्या एका बेंझ शर्यती गाडीचा होता. आणि यंत्राची शक्ती मागील चाकांपर्यंत नेण्यास सायकलीसारख्या, परंतु अर्थात कितीतरी पटींनी भक्कम, अशा साखळ्या होत्या. ऑक्टोबर १९२४ मध्ये इटलीत मोंझा येथील शर्यतीत दुसरीच एक गाडी चालवीत असता झ्बोरोव्स्की मरण पावला, आणि ही अजस्र गाडी पोरकी झाली.

ती जे. जी. पॅरी-थॉमस नावाच्या वेल्श एंजिनियराने अवघ्या १२५ पौंडांस विकत घेतली. हा गृहस्थ लेलँड या मोठ्या मोटार कंपनीचा मुख्य एंजिनियर होता. 'लेलँड एट' नावाची त्या काळची अत्यंत उंची गाडी त्याच्या आराखड्यावरून बनली होती. परंतु ती नोकरी सोडून तो ब्रुकलँड्स येथील शर्यतीच्या मार्गाच्या आवारातच राहावयास गेला आणि उरलेले आयुष्य त्याने वेगाच्या अभ्यासास वाहिले. त्याने झ्बोरोव्स्कीची गाडी उकलली, तिच्यात स्वतःच्या आराखड्याचे पिस्टन घातले, चार कार्ब्युरेटर बसवले, आणि तिला एक लाडके बायकी नाव दिले: 'बॅब्स'. २७ एप्रिल १९२६ रोजी वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन येथील लांबलचक वाळवंटावर या गाडीने ताशी १६९.३० मैलांचा वेग गाठून जमिनीवरील वेगाचा जागतिक उच्चांक केला, आणि दुसऱ्याच दिवशी तो १७१.०२ मैलांवर, म्हणजे सुमारे २७५ किलोमीटरांवर नेला. १२५ पौंडांत घेतलेल्या जुन्या सामानाने जगातील सर्व मोटारींस मागे टाकले.

पुढील वर्षाच्या फेब्रुवारीत माल्कम कॅम्बेलने त्याच वाळूवर आपली 'ब्लू बर्ड' ताशी १७४ मैलांवर नेली. तो उच्चांक परत मिळवावा म्हणून थॉमस बॅब्सला घेऊन पुन्हा पेंडाइनला आला. ३ मार्च १९२७ रोजी पूर्ण वेगात असता गाडी ताब्याबाहेर गेली, उलटली, आणि थॉमस जागच्या जागी ठार झाला. त्याचा देह ब्रुकलँड्सजवळील बायफ्लीट गावच्या चर्चच्या आवारात विसावला. गाडीचे काय झाले? मृत्यूची चौकशी आटोपल्यावर ती भंगारात विकली गेली नाही, तिचे यंत्र काढून दुसऱ्या गाडीत बसवले गेले नाही. पेंडाइनच्या किनाऱ्यावर वाळूत खोल खड्डा खणून ती तेथेच पुरण्यात आली.

आता वाचकांनी विचार करावा. व्यवहारी पुरुषाच्या हिशेबाने हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण त्या लोखंडास किंमत होती. विरक्ताच्या दृष्टीने ही आसक्तीची परिसीमा आहे, कारण लोखंडास कबर कशाला? आणि तरीही ही हकीकत ऐकून कोणाही सहृदय मनुष्यास हसू येत नाही. जे झाले ते योग्यच झाले असे कोठेतरी आत वाटते. हे वाटणे कशातून येते?

आपल्या इकडील तत्त्वज्ञानात रथाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. मिलिंद नावाच्या यवन राजास नागसेन भिक्षूने विचारले की, राजा, तू रथातून आलास; तर रथ म्हणजे आस काय? चाके काय? जू काय? लगाम काय? प्रत्येक वेळी राजास 'नाही' असेच म्हणावे लागले, आणि शेवटी 'रथ' हे या सर्व भागांच्या आश्रयाने वापरले जाणारे केवळ एक नाव आहे असे कबूल करावे लागले. नागसेनास यावरून मनुष्याविषयी काय सिद्ध करावयाचे होते, तो भाग येथे बाजूस ठेवू. रथापुरते बोलावयाचे तर त्याचे म्हणणे अगदी खरे आहे. बॅब्सही तिच्या कोणत्याच एका भागात नव्हती. यंत्र विमानाचे, गिअरबॉक्स जर्मन गाडीचा, सांगाडा एका मृत सरदारपुत्राने करवून घेतलेला. मग बॅब्स कोठे होती? ती त्या भागांच्या रचनेत होती. आणि रचना म्हणजे तरी काय? हे यंत्र येथे बसावे, ही हवा या वाटेने आत यावी, इतक्या वजनास इतका आधार पुरावा, असा कोणा एका मनुष्याने केलेला विचार. तो विचार त्याने कागदावर मांडून ठेवला नव्हता. लोखंडात मांडला होता.

येथेच दुकानातील गाडी आणि हातची गाडी यांतील खरा भेद सापडतो. कारखान्यातून निघालेली गाडी मोडली तरी तिच्यामागचा विचार मोडत नाही. तो कारखान्याच्या नकाशांत सुरक्षित असतो आणि त्याच्या हजारो प्रती रस्त्यांवर धावत असतात. ती छापील पुस्तकासारखी आहे. आपली प्रत जळाली तर हळहळ वाटते, पण ग्रंथ जळाला असे कोणी म्हणत नाही. हातची गाडी ही एकुलती एक हस्तलिखित पोथी आहे. ती गेली म्हणजे प्रत आणि ग्रंथ दोन्ही एकाच वेळी जातात. म्हणून तिच्या मालकास "दुसरी घेता येईल" हे वाक्य क्रूर वाटते. त्यात दुसऱ्या प्रतीचे आश्वासन आहे, आणि त्याचे दुःख तर ग्रंथ नाहीसा झाल्याचे आहे.

यावर कोणी म्हणेल की, वस्तू आहे तेथे नाश आहे. महाभारतात प्रत्यक्ष अर्जुनाचा रथही जळून गेला. ती कथा अवश्य आठवावी, कारण ती आमच्याच पक्षाची आहे. युद्ध संपल्यावर कृष्णाने अर्जुनास आधी रथाखाली उतरावयास सांगितले. मग तो स्वतः उतरला, आणि उतरताच त्या रथाने पेट घेऊन त्याची राख झाली. द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी तो आधीच दग्ध झाला होता. कार्य संपेपर्यंत कृष्णाच्या अधिष्ठानामुळे तो तगून राहिला होता. कथा ऐकून मन थक्क होते, पण हुरहुर लागत नाही. कारण रथाचे काम झाले होते. जी वस्तू काम पुरे करून संपते तिच्याविषयी आपण कृतज्ञ असतो. जी काम अर्धे टाकून मोडते तिच्याविषयी शोक होतो. तिच्यात घातलेला विचार अजून पुढे जावयाचा होता, मालकाच्या मनात आणखी दोन बदल योजलेले होते, आणि ते आता कशावर करावयाचे हे त्यास कळत नाही. मनुष्याच्या मृत्यूत आणि या नाशात कितीही अंतर असले, तरी अर्ध्यावर तुटण्याचे हे दुःख त्या दोहोंत सारखे आहे.

परंतु अपघातात मोडलेल्या वस्तूविषयी शोकाबरोबर आणखी एक भावना उत्पन्न होते, आणि ती अधिक अवघड आहे. ती म्हणजे राग. विशेषतः त्या वस्तूमुळे कोणाचा जीव गेला असेल तर शोक कोणता व सूड कोणता हे ओळखणे कठीण पडते. ही प्रवृत्ती फार जुनी आहे. प्राचीन अथेन्समध्ये मनुष्यास मारणाऱ्या दगडावर वा लाकडावर रीतसर खटला चालत असे आणि दोषी वस्तू देशाच्या सीमेबाहेर टाकली जाई. इंग्लंडच्या कायद्यात ज्या वस्तूने मृत्यू घडवला ती, अथवा तिची किंमत, राजाकडे जप्त करण्याची प्रथा कित्येक शतके होती. आगगाड्यांचे युग आल्यावर मोठमोठ्या एंजिनांवर असा दंड बसू लागला, तेव्हा कोठे १८४६ मध्ये पार्लमेंटने ती रद्द केली. कायद्यातून गेली तरी मनातून ती गेली नाही. १९५५ च्या सप्टेंबरात जेम्स डीन हा अमेरिकन नट कॅलिफोर्नियात आपल्या पोर्शे गाडीच्या अपघातात मरण पावला. त्याने त्या गाडीवर आपले खास नाव रंगवून घेतले होते. पुढे तिचे भाग निघून दुसऱ्यांच्या गाड्यांत गेले, उरलेला चेमटलेला सांगाडा रस्त्यावरील सावधगिरीचा धडा म्हणून गावोगाव लोकांस दाखवण्यात आला, आणि ती गाडी शापित होती अशी दंतकथा उठली. शाप ही कल्पना म्हणजे अथेन्सच्या त्या खटल्याचेच अवशिष्ट रूप होय. वस्तूस दोषी ठरवले म्हणजे वेगाचा, रस्त्याचा, समोरून येणाऱ्या गाडीचा आणि चालकाच्या निर्णयाचा विचार करण्याचे कष्ट वाचतात.

मग बॅब्सला वाळूत पुरले ती शिक्षा होती की अंत्यसंस्कार? पुरणाऱ्यांच्या मनात शिरून पाहणे आम्हांस शक्य नाही. पण कृतीचा अर्थ कृतीच्या रूपावरून काही प्रमाणात कळतो. जिचा तिटकारा आला ती वस्तू लोक फोडतात, वितळवतात, विकून टाकतात. जी वापरणे यापुढे अयोग्य, पण टाकून देणेही अयोग्य, तिला ते दृष्टीआड ठेवतात. आपल्या देव्हाऱ्यातील मूर्ती भंगली तर तिची पूजा चालू ठेवता येत नाही; म्हणून ती आपण उकिरड्यावर टाकतो काय? तिला वाहत्या पाण्यात सोडतो. आणि हा भाव केवळ देवांपुरता नाही. खंडेनवमीस व दसऱ्यास लोहाराचा ऐरण-हातोडा, शिंप्याचे यंत्र, दारातील मोटार या सर्वांस आपण झेंडूची माळ घालतो. लोखंडात जीव आहे असे त्या दिवशी आपणांस वाटते असे नव्हे. वर्षभर ज्याने निमूटपणे भार वाहिला त्याचे उतराई व्हावे असे वाटते. जिला माळ घालणे योग्य, तिचे विसर्जनही योग्य असले पाहिजे. पेंडाइनच्या वाळूतील तो खड्डा आमच्या मते अशा विसर्जनाच्या जातीचा होता.

येथे हा निबंध संपवता आला असता. परंतु गोष्ट येथे संपत नाही, आणि पुढचा भागच या प्रश्नाची खरी कसोटी आहे. १९६९ मध्ये, म्हणजे ४२ वर्षांनी, ओवेन विन ओवेन नावाच्या वेल्समधील एका एंजिनियरिंगच्या अध्यापकाने रीतसर परवानगी मिळवून ती वाळू उपसली आणि बॅब्सचा गंजलेला सांगाडा वर काढला. पुढे सुमारे १५ वर्षे खपून त्याने ती पुन्हा उभी केली. अनेक भाग नव्याने करावे लागले, पण अखेर ते २७ लिटरांचे यंत्र पुन्हा धडधडू लागले आणि गाडी पेंडाइन येथेच लोकांस पाहावयास मिळाली.

विसर्जित केलेली मूर्ती पाण्यातून परत काढावी काय? जे शोकाने झाकले ते कुतूहलाने उघडावे काय? प्रथमदर्शनी कोणाचेही मन या गोष्टीस तयार होत नाही. ज्यांनी ती पुरली त्यांनी ती पुन्हा कधी काढावी या हेतूने खचित पुरली नसेल. मृताच्या आप्तांची इच्छा, गावाची भावना, यांस काही वजन आहे की नाही? आहे, आणि म्हणूनच परवानगीवाचून अथवा विक्रीच्या लोभाने असे उत्खनन झाले असते तर आम्ही त्यास थडगे फोडणे असेच म्हटले असते. तथापि ओवेनच्या बाजूने एक गोष्ट अशी आहे की, तिच्यापुढे हे सर्व आक्षेप मवाळ होतात.

थॉमसचा मृत्यू कशाने झाला याविषयी अनेक वर्षे एकच समजूत प्रचलित होती. ती अशी की, पूर्ण वेगात असता चाकास शक्ती पोचवणारी साखळी तुटली आणि तिच्या तडाख्याने त्याचा प्राण गेला. ही समजूत सहज पटण्याजोगी होती. साखळी चालकाच्या अंगालगत होती. ती तुटली तर काय होईल हे कोणासही डोळ्यांपुढे आणता येत असे. आणि खरे-खोटे करावयाचे तर गाडीच वाळूखाली होती. पण साखळीवरचा आरोप हा केवळ साखळीवरचा नव्हता. ज्या झ्बोरोव्स्कीने ती बसवली आणि ज्या थॉमसने ती राहू दिली, त्या दोघा मृतांच्या विवेकावरही तो होता. पुढे गाडी उजेडात आल्यावर या समजुतीचा फेरविचार झाला. आधी मागील उजवे चाक निकामी झाले, गाडी त्यामुळे ताब्याबाहेर गेली, आणि साखळीवर ठेवलेला ठपका टिकण्यासारखा नाही, असे मत अभ्यासकांनी पुढे मांडले. यामुळे कोणी सर्वस्वी निर्दोष ठरतो असे नाही. परंतु ज्या आरोपीस बोलावयाची संधीच मिळाली नव्हती तिची साक्ष निदान नोंदली गेली. अथेन्सचे न्यायाधीश दगडास विचारीत नसत. त्यास शिक्षा करून मोकळे होत. ओवेनने लोखंडास विचारले.

यावरून आमच्या मनात जो निष्कर्ष ठरतो तो असा. मोडलेल्या प्रिय वस्तूविषयी मनुष्याची कर्तव्ये दोन आहेत, आणि ती एकामागून एक येतात. पहिले कर्तव्य मौनाचे आहे. तिची विटंबना होऊ न देणे, तुकडे लिलावात न काढणे, तिच्यावर दंतकथा न रचणे. दुसरे कर्तव्य चौकशीचे आहे. ती कशी घडली होती आणि कशाने मोडली, हे शांतपणे समजून घेऊन लिहून ठेवणे. पहिले कर्तव्य केले नाही तर शोक बाजारी होतो. दुसरे केले नाही तर तो आंधळा राहतो. आणि आंधळा शोक हटकून कोणावर तरी खोटा आरोप ठेवतो, मग तो साखळीवर असो, रस्त्यावर असो, वा नशिबावर.

आता एक जुनी शंका उरते. इतके भाग नवे घातल्यावर ओवेनची गाडी ती बॅब्सच काय? ग्रीकांनी हाच प्रश्न थीसियसच्या जहाजाविषयी विचारला होता; एकेक फळी बदलत सर्व फळ्या नव्या झाल्यावर जहाज तेच की दुसरे? आम्हांस वाटते की, पोथीचा दृष्टांत येथेही उपयोगी पडेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस आरंभ केला आणि १९६६ साली ते काम तडीस नेले. देशभरच्या पोथ्या ताडून, अक्षर अक्षर पारखून सिद्ध केलेला तो पाठ म्हणजे व्यासांच्या हातची पोथी, असा दावा तिच्या संपादकांनी केला नाही. पण त्या आवृत्तीने मूळ रचना कशी असेल हे जाणण्याची वाट मिळाली. ओवेनची बॅब्स ही तशी संशोधित आवृत्ती आहे. थॉमसचा विचार लोखंडात लिहिलेला होता. तो वाळूने व खाऱ्या पाण्याने पुसट केला. एका अध्यापकाने १५ वर्षे तो अक्षर लावून वाचला, आणि जेथे अक्षर गेले होते तेथे संदर्भाने भरून काढले. थॉमसची गाडी थॉमसबरोबर गेली, ती परत आली नाही. परत आले ते तिच्याविषयीचे ज्ञान. आमच्या मते शोकास मिळू शकणारे सर्वांत मोठे फळ एवढेच आहे, आणि ते थोडके नाही.

या श्रमात एक धोका मात्र आहे. माल्कम कॅम्बेलचा पुत्र डोनाल्ड ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडातील कॉनिस्टन तळ्यावर वेगाचा उच्चांक करू जाता आपल्या 'ब्लूबर्ड' नौकेसह पाण्यात गेला. २००१ मध्ये नौका वर काढली गेली, डोनाल्डचा देहही सापडून त्यास कॉनिस्टन येथे विधिपूर्वक मूठमाती मिळाली, आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून नौका पुन्हा अशी सज्ज केली की २०१८ मध्ये ती पाण्यावर धावली. पण पुढे ती कोणाची, ज्यांनी घडवली त्यांची की ज्या संग्रहालयास कॅम्बेलच्या कुटुंबाने दिली त्याची, असा वाद होऊन ती २०२४ मध्ये कॉनिस्टनला परतली. त्या वादात आम्ही शिरत नाही. श्रमाने जिव्हाळा उत्पन्न होतो आणि जिव्हाळा न कळत हक्क मागू लागतो, एवढेच त्यावरून घेण्याजोगे आहे. दुसऱ्याचा विचार वाचावयास बसलेल्याने ग्रंथावर आपले नाव घालू नये.

शेवटी शोकाच्या मर्यादेविषयी. निर्जीवाचा शोक रास्त आहे असे आम्ही म्हटले, त्याचा अर्थ तो पहिल्या क्रमांकाचा आहे असा नव्हे. अपघाताच्या जागी जो मनुष्य रस्त्यात पडलेल्या सायकलस्वाराआधी आपल्या गाडीच्या पत्र्याकडे पाहतो, त्याच्या प्रेमाचे आम्ही समर्थन करणार नाही; ते प्रेमच नव्हे, तो मालकीचा अहंकार. वस्तूवरचे प्रेम खरे असेल तर ते वस्तूपाशी थांबत नाही. तिच्यावर राबलेल्या हातांकडे, तिच्यात बसलेल्या माणसांकडे आणि तिच्या वाटेत येऊ शकणाऱ्या परक्यांकडेही ते जाते. विरक्ताच्या उपदेशात जे सत्य आहे ते एवढेच, आणि तेवढे आम्ही आनंदाने मान्य करतो.

म्हणून पुढील वेळी आपल्या परिचयातील एखाद्याची जीव लावून घडवलेली गाडी अपघातात गेली, तर त्याची व इतरांची प्रकृती विचारून झाल्यावर, "दुसरी घेता येईल" असे त्यास म्हणू नये. ती कशी होती ते विचारावे. यंत्र कोठून आणले होते, बैठक कोणी शिवली, पहिल्याने ती रस्त्यावर काढली त्या दिवशी काय बिघडले, आणि शेवटच्या दिवशी प्रथम काय तुटले, हे सर्व त्यास सांगू द्यावे. आणि त्यास लिहिण्याची हौस असेल तर एका वहीत लिहून ठेवावयास सांगावे. जो विचार केवळ लोखंडात होता त्याची एक प्रत त्यामुळे तयार होईल, आणि कोणाच्या माथी खोटा दोष जाण्याचेही टळेल. त्यानंतर त्याने दुसरी गाडी खुशाल घ्यावी. पहिलीची जागा भरून काढण्याचे ओझे तिच्यावर राहणार नाही.